पायपेटी तिसऱ्या मजल्यावर जाते

हानेकेला ती पायपेटी दिसली तेव्हा तिच्यावर एक पेंढा भरलेला बगळा उभा होता. म्हणजे पायपेटीवर. हानेकेवर फक्त तिच्या नवऱ्याची नजर उभी होती, आणि ती नजर सकाळपासून एकच वाक्य म्हणत होती : आपण लॅम्पची टोपी घ्यायला आलोय.

अॅमस्टरडॅममध्ये नदीपलीकडं जुन्या गोदीत एक बाजार भरतो. जिथं पूर्वी जहाजांची पोटं शिवायचे, तिथं आता लोकांच्या आज्यांची कपाटं, पणज्यांचे कपबशांचे संच आणि कुणाकुणाच्या पलंगांचे पितळी पाय ओळीनं मांडलेले असतात. बाजारात शिरायलाच तिकीट पडतं. हानेकेचं म्हणणं, तिकीट काढलंय तर काही घेतल्याशिवाय कसं परतायचं? तेऊनिसचं म्हणणं, तिकीट काढलंय तर आणखी खर्च कशाला? या एका तिकिटावर त्यांचा सत्तावीस वर्षांचा संसार उभा होता.

तेऊनिस विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या खात्यात होता. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांचे अपघात वाचले होते. त्यामुळं कुठलीही वस्तू बघितली की ती कशी दिसते याच्या आधी ती कशी पडेल हे त्याला दिसे. पायपेटी बघताच त्याला तिच्याखाली सापडलेले तीन जण स्पष्ट दिसले.

हानेकेनं बगळ्याच्या पायांमधून हात घालून झाकण वर केलं. पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या, म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारख्या, पण सगळ्या जागेवर. तिनं वाकून हातानंच खालचं पेडल दाबलं. आत भाता हलला, आणि पेटीनं लांब, खोल श्वास घेतला. हानेकेनंही घेतला. रविवारचं चर्च सुटल्यावर तिचे वडील अशाच पेटीपुढं बसत. घरभर बटाटे उकडल्याचा वास आणि त्या वासावर तरंगणारे सूर. वडील गेल्यावर भावांनी घर रिकामं केलं आणि पेटी भंगारात घातली. तिला ते फोनवर कळलं, हवापाण्याच्या गप्पा झाल्यावर. तेव्हापासून कॉफी गाळून होईपर्यंत हानेकेची बोटं टेबलाच्या कडेवर चालत असत आणि तेऊनिस पेपराआडून त्यांच्याकडं बघत असे.

"केवढ्याला?" तिनं विचारलं.

"बगळा? बगळा जरा महाग आहे," दुकानदार म्हणाला.

"पेटी."

"पेटी?" त्याचा चेहरा उजळला. "पेटी अशीच न्या! फक्त आजच न्या. मला ही परत घरी न्यायला लावू नका, ताई. पाठीचं ऑपरेशन झालंय माझं."

"पाहिलंस?" तेऊनिस कुजबुजला. "पाठ!"

पण हानेकेनं बगळा उचलून दुकानदाराच्या हातात दिला होता.

पुढं खोका जोडलेली सायकल भाड्यानं घेऊन, खोक्यात पेटी तिरपी घालून ती दोघं नावेनं नदी ओलांडून आली, तो प्रवास इथं सांगत नाही. तेऊनिसनं तो अजून कुणाला सांगितलेला नाही. घरी पोचल्यावर मात्र जिना आडवा आला. त्या शहरातले जुने जिने बांधणाऱ्यांना बहुधा वाटत असावं, की माणसं वर जाताना खांदे खालीच ठेवून जातील. पेटी पहिल्या वळणापर्यंत गेली, तिथं तिनं भिंतीचा थोडा रंग खाल्ला आणि ती परत खाली आली. तेव्हा तिला तळमजल्यावरच्या कॉर मावशींच्या बोळात ठेवली.

कॉर मावशी म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आवाज. हयातभर त्यांनी मंडईत मासळी विकली होती, आणि मासळी सुटली तरी आवाज सुटला नव्हता. "ठेव की पोरी, ठेव!" त्या म्हणाल्या. नंतर त्यांच्या लक्षात आलं, की आपली सायकल पेटीच्या पलीकडं राहिली. आणखी थोड्या वेळानं लक्षात आलं, की संडासही पलीकडंच राहिला. तिथं त्या अंग चोरून जाऊ लागल्या, पण अंग चोरण्याजोगं नव्हतं.

"महिनाअखेरीपर्यंत हे इथून हलव," त्यांनी हानेकेला बजावलं. "नाही तर मी कुऱ्हाडीनं हलवीन. हिवाळ्यात शेगडीला लाकूड लागतंच."

हानेकेला त्या रात्री झोप आली नाही. मावशी कुऱ्हाडीबद्दल थट्टा करीत नसत.

आता, त्या घरांना देवानं नाही तरी गवंड्यांनी एक सोय करून ठेवली आहे. प्रत्येक घराच्या माथ्यावर एक तुळई पुढं आलेली असते आणि तिला लोखंडी आकडा. आकड्याला कप्पी लावायची, दोर सोडायचा आणि सामान बाहेरून ओढून खिडकीतून आत घ्यायचं. सामान भिंतीला घासू नये म्हणून घरंच मुळात थोडी पुढं झुकवून बांधलेली. खाली खेळणाऱ्या पोराला हाक मारायला आई वाकते तशी. तेव्हा उपाय डोक्यावरच होता. प्रश्न फक्त नगरपालिकेचा होता.

"वस्तूचं वजन?" फोनवरच्या बाईंनी विचारलं. आवाज इतका मऊ, की नकारसुद्धा शालीत गुंडाळून मिळावा.

"साधारण माझ्या वडिलांच्या पेटीइतकं," हानेके म्हणाली.

"तसा रकाना नाही, बाई."

मग कळलं, की रस्त्यावर सामान टांगायचं तर रस्ता अडवण्याचा परवाना लागतो, परवान्याला आकडा तपासल्याचा दाखला लागतो, आणि आकडा तपासायला माणूस वर चढवायचा तर रस्ता अडवण्याचा परवाना लागतो. "साधारण जूनमध्ये कळवू," बाई म्हणाल्या, "पण कुठल्या जूनमध्ये ते आत्ता सांगता येणार नाही."

दुसऱ्या मजल्यावरचा रूलॉफ सल्ला द्यायला वर आला. रूलॉफकडं शिडाची एक होडी होती, त्यामुळं दोर या विषयावर त्याचा शब्द शेवटचा असे, आणि सहसा पहिलाही. "परवाना कशाला? पहाटे ओढू. मी तीन टनांची होडी एकट्यानं बांधतो."

"पाण्यात," तेऊनिस म्हणाला.

"तत्त्व तेच."

"पाण्यात पडलं तर भिजतं. माणसावर पडलं तर अर्ज येतो. तो अर्ज माझ्याच टेबलावर येतो, रूलॉफ."

पण हानेकेची बोटं आता टेबलाच्या कडेवर चालत नव्हती. ती नुसती पडून होती. ते बघून तेऊनिस पेपर खाली ठेवून उठला, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत राहिला, आणि फिरता फिरता मध्येच थबकला. त्याच्या तोंडावर हानेकेनं लग्नानंतर प्रथमच असा रंग पाहिला. नियम मोडण्याचा नव्हे. ते त्याच्यानं झालंच नसतं. नियमात एक भोक सापडल्याचा.

"हाने," तो म्हणाला, "राजाचा वाढदिवस!"

राजाच्या वाढदिवसाला सगळं शहर नारिंगी कपडे घालतं आणि घरातली अडगळ रस्त्यावर मांडून विकायला बसतं. त्या एका दिवशी गाड्या बंद, आणि परवाना कशालाच लागत नाही. फुटपाथवर जे मांडलं ते विकाऊ, एवढा एकच कायदा.

"म्हणजे पेटी फुटपाथवर ठेवायची," तेऊनिस सांगत होता आणि बोलता बोलता उड्या मारीत होता, "वर किमतीची चिठ्ठी लावायची. कुणी विचारलं तर ती विकायला आहे. मग ती जागेवरून थोडी हलली, हलता हलता वर गेली, तर तो व्यवहाराचाच भाग!"

"आणि कुणी घेतली तर?"

"अशी किंमत लिहितो, की डोकं ठिकाणावर असलेला माणूस फिरकणार नाही." त्यानं पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं : नऊशे युरो. थोडा विचार केला, आणि प्रामाणिक माणूस असल्यामुळं खाली आणखी लिहिलं : घासाघीस नाही.

वाढदिवस उजाडला तो नारिंगी होऊनच. रस्ताभर सतरंज्या, सतरंज्यांवर बाहुल्या, वाफेच्या इस्त्र्या, एका बुटाचा जोड. हानेके पहाटेपासून गात होती. सूर लागत नव्हता, पण गात होती. सगळ्यांनी मिळून पेटी बोळातून बाहेर आणली. कॉर मावशी आधी संडासात जाऊन आल्या, सरळ चालत, मग खुर्ची टाकून पेटीशेजारी बसल्या.

"मावशी, आम्ही वर जाऊन खिडकीची चौकट काढतो," तेऊनिस म्हणाला. "रूलॉफ माळ्यावरून कप्पी लावतोय. कुणी विचारलं तर विकायला आहे म्हणायचं. चिठ्ठी लावलीच आहे."

"विकायला?" मावशींचे डोळे चमकले. कितीतरी वर्षांत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. "तू जा, बाबा. निर्धास्त जा."

तेऊनिस निर्धास्त गेला. विम्याच्या धंद्यात या शब्दाला काय अर्थ आहे हे त्याला माहीत असायला हवं होतं.

तो दोरासकट खाली आला तेव्हा खुर्ची रिकामी होती. मावशी कुठंतरी पाय मोकळे करायला गेल्या असतील म्हणून त्यानं चौकशी केली नाही. रूलॉफनं पेटीला अशा गाठी मारल्या, की तिचं रूप नाताळच्या भेटीसारखं झालं. नारिंगी टोप्या घातलेले लोक आपण होऊन दोराला लागले. त्या दिवशी त्या शहरात कुणी दोर धरला तर त्याला मागं दहा माणसं मिळतात, कारण विचारीत नाहीत. हानेके तिसऱ्या मजल्यावर, काच-चौकट काढलेल्या खिडकीत, वाऱ्यात केस मोकळे सोडून उभी.

"ओढा रे!" रूलॉफ ओरडला.

पेटीचे पाय जमिनीवरून सुटले. आणि ऐका गंमत : रूलॉफनं सगळं बांधलं होतं, पेडलं तेवढी बांधायची राहिली होती. प्रत्येक ओढीला पेडलं खाली लोंबून फडफडली, भाता हलला, आणि कुठली तरी एक पट्टी दोराखाली दाबली गेली होती ती बोलू लागली. हूं. ओढ. हूं. ओढ. अख्खा रस्ता मान वर करून बघू लागला. गोठ्याकडं निघालेल्या गाईसारखी पेटी हंबरत हंबरत आभाळात चालली होती. दोरावरच्या माणसांनी तो सूर उचलला. सतरंज्यांवरच्या बायकांनी उचलला. हानेके वरून दोन्ही हात पसरून म्हणत होती, "ये, ये, ये गं!"

दुसऱ्या मजल्याशी पेटी पोचली आणि खालून आवाज आला :

"अहो! माझी पेटी कुठं चालवलीत?"

एक उंच, किडकिडीत गृहस्थ हातगाडी घेऊन उभे होते. उत्तरेकडच्या कुठल्याशा खेड्यातले, गालांवर वाऱ्याचे ओरखडे. नाव लुबर्ट. हातात तीच पुठ्ठ्याची चिठ्ठी.

"तुमची?" तेऊनिसनं दोर न सोडता मान वळवली.

"मग कुणाची? नऊशे दिलेत. घासाघीस नाही लिहिलं होतं, म्हणून केली नाही."

एवढ्यात कॉर मावशी आल्या. तोंडाला नारिंगी साखरेचा लेप आणि हातात अर्धा केक.

"मावशी, पेटी विकली तुम्ही?" तेऊनिसचा आवाज पेटीच्या सुरात मिसळला.

"विकली की!" मावशी अभिमानानं म्हणाल्या. "पहिल्याच गिऱ्हाइकाला! हात अजून गेला नाही माझा."

"पण ती विकायची नव्हती!"

"अरे मेल्या, वस्तू माझ्यापुढं ठेवलीस, चिठ्ठी लावलीस, तोंडानं सांगून गेलास विकायला आहे म्हणून. आता काय तुझ्या पोटातलं वाचायला हवं होतं मी?"

आता खरं तर कुणीतरी काहीतरी ठरवायला हवं होतं. पण त्या देशात समुद्रसुद्धा बैठक घेऊन मागं सारलेला आहे. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तिथं काही ठरत नाही, आणि दोर धरलेल्या प्रत्येकाला मत होतं. तेव्हा पेटी हवेत आणि बैठक जमिनीवर, अशी ती भरली.

"पैसे दिले म्हणजे झालं," पुढचा टोपीवाला म्हणाला.

"पण हातात कुठं पडली होती? हवेतली वस्तू कुणाची?" मागचा.

"विमावाल्याला विचारा!"

सगळे तेऊनिसकडं वळले. तीस वर्षं तो लोकांना सांगत आला होता, की लिहिलेलं वाचायचं होतं. पुठ्ठ्यावरचं अक्षर त्याचं होतं. त्याचे कान लाल झाले. "कायद्यानं..." तो म्हणाला, आणि त्यानं वर बघितलं. हानेके त्याच्याकडंच बघत होती. "कायद्यानं बहुधा यांची आहे. पण मी दोर सोडणार नाही."

"शाब्बास!" मावशी म्हणाल्या. कुणाला ते कळलं नाही.

"ती माझी आहे!" वरून हानेके ओरडली. "पैसे घ्या परत! आणखी देते!"

"आणखी नकोत, बाई," लुबर्ट मान वर करून म्हणाला. तो भांडत नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम्हाला कळत नाही हो. अशी कोरीव पाठ असलेली पेटी मी वीस वर्षं शोधतोय. लोक यांची दारूची कपाटं करतात. शेगडीत घालतात."

कॉर मावशींनी केकचा मोठा घास घेतला.

"माझ्याकडं सुरक्षित राहील," लुबर्ट म्हणाला. "माझ्याकडं अकरा आहेत."

दोरावर कुजबुज झाली. हात भरून आले होते. पेटी वाऱ्यानं डुलली आणि हूं म्हणाली. हानेकेनं खिडकीची कड घट्ट धरली. सत्तावीस वर्षं एका घरात काढलेल्या बाईला काही गोष्टी एकदम दिसतात.

"अकरा?" तिनं विचारलं. "घरात?"

"काही घरात. काही... घरातच."

"मग ही कुठं ठेवणार?"

"स्वयंपाकघरात खिडकीखाली एक जागा आहे. म्हणजे, टेबल हलवलं तर."

"बायकोला विचारलंत?"

बाहुल्या विकणाऱ्या बाईनं हातातली बाहुली खाली ठेवली. लुबर्टनं टोपी काढली, परत घातली.

"ओहो," दोरावरचा कुणीतरी म्हणाला. "यांनी विचारलं नाही."

"फोन लावा!" मावशी ओरडल्या, आणि सगळा रस्ता म्हणू लागला, "फोन लावा! फोन लावा!" बैठकीत पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

लुबर्टनं फोन लावला. रूलॉफनं त्याचा आवाज मोठा करून दिला.

"यान्ना," लुबर्ट म्हणाला, "मी काय म्हणत होतो..."

"नाही," फोन म्हणाला.

"अगं, ऐकून तर घे. हिच्या पाठीवर द्राक्षांचा वेल आहे."

"लुबर्ट, गेल्या वर्षी तू काय म्हणाला होतास?"

"...ही शेवटची."

"त्याच्या आदल्या वर्षी?"

"यान्ना, इथं लोक आहेत."

"बरं झालं! लोकहो, ऐकताय ना? मला आंघोळीला जाताना तीन पेट्यांवरून चढून जावं लागतं. काल माझ्या भावाला जेवायला वाढलं ते पेटीवर, आणि हा मधूनच सूप बाजूला सारून वाजवायला लागला!"

रस्त्यावर हशा पिकला. दोर दोन हात घसरला, पेटी किंचाळली, आणि सगळ्यांनी तो पुन्हा गच्च धरला. हानेके खिडकीतून इतकी बाहेर वाकली, की तेऊनिसला डोळे मिटावे लागले.

"यान्नाताई!" ती ओरडली. "मी हानेके! इथं वर, तिसऱ्या मजल्यावर! पेटी माझ्या खिडकीखाली लटकलीय!"

"किती खाली?" फोननं विचारलं.

"एक मजला!"

"मग बघताय काय, बाई? घ्या ओढून वर! आणि माझा माणूस दोराला लावा. ताकद आहे त्याच्यात, फक्त ती चुकीच्या दिशेनं लागते."

लुबर्टनं एकदा पेटीकडं पाहिलं, एकदा फोनकडं. नाक पुसलं. मग फोन खिशात टाकून, हातावर थुंकून, तेऊनिसच्या पुढं दोराला जाऊन लागला. मावशींनी पैसे मोजून त्याच्या कोटाच्या खिशात घातले. एका केकचे कमी होते, पण त्याबद्दल कुणी बैठक मागितली नाही.

"ओढा!"

पेटी हंबरत निघाली ती खिडकीशीच थांबली. हानेकेनं तिला कवेत घेतलं. आत घेताना दोन्ही बाजूंना एक-एक बोट जागा राहिली. तेऊनिसनं नंतर सांगितलं, की ती जागा त्यानं आधीच मोजली होती. त्याला कुणी खोटं पाडलं नाही.

मग काय, दोरावरचे सगळे वर आले. जिना अरुंद, पण नुसती माणसं तर चढत होती. त्या लोकांच्या रीतीनं खुर्च्या गोल मांडल्या, प्रत्येकानं प्रत्येकाचं अभिनंदन केलं, आणि प्रत्येकाला एक कॉफी, एक बिस्कीट. लुबर्टनं बिस्कीट खाल्लं नाही. तो पेटीच्या मागं पालथा पडून कपड्यानं आतला एकेक पितळी सूर पुसत होता आणि त्या प्रत्येक सुराशी हळू आवाजात काहीतरी बोलत होता.

"आता बसा," तो उठून म्हणाला.

हानेके बसली. सगळे बघत होते, आणि तिला वाटलं, आपल्याला काही येत नाही. मग पाय पेडलांवर गेले. डावा, उजवा, डावा, उजवा. पायांना सगळं माहीत होतं. पेटीनं श्वास घेतला आणि वडिलांचं रविवारचं गाणं खोलीत आलं; संथ, जड, बटाट्याच्या वाफेसारखं खिडकीशी जमणारं. चुकत होतं, थांबत होतं, परत निघत होतं. तेऊनिस खिडकीत उभा होता, पाठमोरा. चौकट अजून लावलेली नव्हती आणि त्यातून कुणी पडेल का, हे त्यानं एकदाही तपासलं नाही. खाली रस्त्यावर नारिंगी टोप्यांची पोरं त्या चर्चच्या गाण्यावर उड्या मारून नाचत होती. चाल कुठलीही असो, आज नाचायचं, असं त्यांचं ठरलेलं होतं.

गाणं संपलं. कॉर मावशींनी पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "पोरी, मासळी बाजारात एवढं रडू कधी आलं नाही."

लुबर्टनं टोपी काढून छातीशी धरली. तो पेटीजवळ आला, खाकरला.

"बाई," तो म्हणाला, "आता विकता का?"

"नाही," हानेके म्हणाली, आणि तिचे पाय चालूच होते.

"बरं. नुसतं विचारलं." त्यानं बिस्कीट उचललं. "आज विचारायचंच असतं."